‘मालक, उद्यापासून येत नाही’ एवढा निरोप पुरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाखतीला काय घालून जावे, बायोडेटा किती पानांचा असावा, पगाराचा विषय कधी काढावा यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते आणि ते हवेच आहे. हातची नोकरी सोडताना कसे वागावे यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. सोलापुरात ही उणीव जास्त जाणवते. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतीतले कारखाने असोत, टॉवेल आणि गणवेशाचे उद्योग असोत, रुग्णालये, पतसंस्था की सीएंची कार्यालये असोत, महिन्याचा पगार खात्यावर जमा होतो आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप येतो, “मालक, उद्यापासून येत नाही, पुण्यात लागलं.” सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने मुलगा निघूनही जातो. त्याच्या मनात वाईट काही नसते. चांगली संधी आली, रुजू व्हायची तारीख जवळची आहे आणि मालकांसमोर उभे राहायचा संकोच वाटतो, एवढेच कारण असते. पण याची किंमत दीड-दोन वर्षांनी त्यालाच मोजावी लागते. पुढची मोठी कंपनी मागच्या नोकरीचे रिलीव्हिंग लेटर, म्हणजे रीतसर कार्यमुक्त केल्याचे पत्र, मागते तेव्हा ते त्याच्याकडे नसते. ही अडचण पूर्णपणे टाळता येते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी नव्या नोकरीचे पत्र हातात घ्यावे. फोनवर “तुमचं झालं समजा” असे ऐकून इकडे राजीनामा देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पत्रात पद, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशनचा काळ, नोटीस पिरियड (सोडण्याआधी किती दिवस कळवायचे तो काळ) आणि पगाराची फोड या सहाही गोष्टी असल्या पाहिजेत. पगाराची फोड तर कागद-पेन घेऊन तपासावी. वर्षाला सहा लाखांचे पॅकेज म्हटले की महिन्याला ५०,००० रुपये डोळ्यांसमोर येतात. समजा त्यात मूळ पगार २५,००० आहे आणि पूर्ण मूळ पगारावर भविष्य निर्वाह निधी कापला जातो. मग मालकाच्या वाट्याचे १२ टक्के, म्हणजे ३,००० रुपये आणि ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी रकमेची) ४.८१ टक्के तरतूद, म्हणजे सुमारे १,२०० रुपये, याच ५०,००० मधून आधी बाजूला पडतात. उरलेल्या ४५,८०० मधून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे ३,००० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा झाले की हातात सुमारे ४२,६०० येतात. पॅकेजमध्ये कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम धरली असेल तर दरमहाचा आकडा आणखी खाली जातो. त्यातून पुण्यातली खोली, मेस आणि शनिवार-रविवारी घरी येण्याजाण्याचे भाडे वजा करावे आणि उरलेला आकडा सोलापुरात घरी राहून हातात पडणाऱ्या पगारासमोर मांडावा. बदल करू नये असे आम्ही म्हणत नाही, पण हा हिशेब राजीनाम्यानंतर मांडून उपयोग नाही.

राजीनाम्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी. “दिवाळीचा बोनस घेतो आणि मग बघतो” अशी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि त्यामागे एक गैरसमज आहे. बोनसच्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या हिशेबाच्या वर्षात किमान ३० दिवस काम केले असेल, तर जितके काम केले तितक्या पगारावर किमान ८.३३ टक्के बोनसचा त्याचा हक्क राहतो. दिवाळीआधी नोकरी सोडली म्हणून तो जात नाही. अफरातफर, चोरी किंवा कामाच्या जागी हाणामारी अशा कारणांनी काढून टाकले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे केवळ बोनससाठी नव्या नोकरीची तारीख लांबवायची गरज नाही. राजीनाम्याच्या वेळी मात्र बोनसचा उल्लेख करून तो अंतिम हिशेबात धरण्याची लेखी विनंती करून ठेवावी.

ग्रॅच्युइटीचे नेमके उलटे आहे. तिथे थांबण्यात अर्थ असतो. कायमच्या कर्मचाऱ्याला राजीनामा देताना पाच वर्षांची सलग सेवा लागते. हिशेब असा, की शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. ही बेरीज २०,८०० रुपये असेल तर दिवसाचे ८०० होतात आणि वर्षाचे १२,०००. सात वर्षे आठ महिने सेवा झाली असेल तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आठ वर्षांचे ९६,००० रुपये मिळतात. ज्याची चार वर्षे दहा महिने झाली आहेत त्याने दोन महिन्यांच्या घाईत साठ हजार सोडून देऊ नयेत. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की हक्क मिळतो, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख पुढे घेणे सोपे. नोटीस पिरियडचे दिवसही सेवेत मोजले जातात, हे या हिशेबात विसरू नये.

आता प्रत्यक्ष सांगण्याविषयी. क्रम असा ठेवावा, की पहिल्यांदा आपल्या थेट वरिष्ठांना, समोरासमोर आणि एकांतात. मग त्याच दिवशी लेखी. त्यानंतर सहकाऱ्यांना. आपल्याकडे हे उलटे होते. बातमी आधी चहाच्या टपरीवर फिरते, तिथून शेजारच्या कारखान्यात जाते आणि मालकांना ती तिसऱ्याच माणसाकडून कळते. सोलापूर लहान आहे. एका धंद्यातले लोक एकमेकांना नावानिशी ओळखतात, त्यांची मुले एकाच शाळेत असतात. दुखावलेला माणूस पुढे चौकशीच्या फोनवर काय बोलेल, हे या पहिल्या अर्ध्या तासावर पुष्कळसे ठरते. वेळ सकाळची, कामाची धांदल सुरू होण्याआधीची घ्यावी. डिस्पॅचच्या दिवशी, ऑडिट सुरू असताना किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी विषय काढू नये. बोलणे दोन-तीन वाक्यांतच ठेवावे. “सर, मला दुसरीकडे संधी मिळाली आहे. नियमाप्रमाणे ३० दिवसांची नोटीस देतो आहे. हातातलं काम कोणाकडे सोपवू ते सांगा.” कोणती कंपनी, किती पगार हे सांगण्याचे बंधन नाही, पण खोटे कारणही देऊ नये. “आईची तब्येत बरी नाही म्हणून सोडतो” असे सांगून गेलेला माणूस पंधरा दिवसांत नव्या कंपनीच्या ओळखपत्रासह फोटो टाकतो, आणि मागे राहिलेल्यांच्या मनातून कायमचा उतरतो. काम ज्यांनी हाताला धरून शिकवले, मग ते खात्यातले जॉबर अण्णा असोत की लॅबमधल्या वरिष्ठ मॅडम, त्यांना मात्र स्वतः जाऊन सांगावे. त्यांना नोटीस बोर्डावरून कळू नये.

“पगार वाढवून देतो, थांब” असे उत्तर येऊ शकते. त्या क्षणी हो-नाही करू नये. थांबायचे असेल तर वाढ लेखी घ्यावी आणि नव्या कंपनीला त्याच दिवशी लेखी नकार कळवावा. मुळात थांबायची तयारी होती तर आधी पगारवाढ मागायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राजीनामा पाच-सहा ओळींचा पुरतो. त्यात तक्रारींचा पाढा नको आणि आभारांचा पूरही नको. नमुना द्यायचा तर, “मी लेखा सहायक या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार ३० दिवसांची पूर्वसूचना आज, दि. १० जून रोजी देत असून १० जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत हातातील काम आपण सांगाल त्या व्यक्तीकडे सोपवीन. राजीनामा स्वीकारल्याचे व शेवटचा दिवस निश्चित केल्याचे लेखी कळवावे, ही विनंती.” यात सर्वांत महत्त्वाची आहे ती शेवटच्या दिवसाची तारीख. “लवकरात लवकर कार्यमुक्त करावे” असे लिहिले की तारीख समोरच्याच्या हातात जाते. दिवस मोजताना राजीनाम्याचा दिवस धरायचा नाही. ३ मार्चला ६० दिवसांची नोटीस दिली तर शेवटचा दिवस २ मे येतो, ‘दोन महिने’ म्हणून ३ मे नव्हे. नेमणूकपत्रात दिवस लिहिले आहेत की महिने, हे म्हणूनच नीट वाचावे. पत्र ई-मेलने वरिष्ठ आणि एचआर दोघांना पाठवावे आणि प्रतीमध्ये स्वतःचा खासगी पत्ता ठेवावा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो आणि पुरावा त्यातच राहून जातो. लहान कारखान्यात ई-मेल नसेल तर दोन प्रती काढून एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरचा निरोप आधार म्हणून चालेल, राजीनाम्याची जागा तो घेऊ शकत नाही. मन बदललेच, तर राजीनामा स्वीकारला जाण्याआधी तो लेखी मागे घेता येतो.

नोटीसच्या काळात रजा हा वादाचा मोठा विषय होतो. लग्नसराई, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, आषाढीची वारी हे आधीच पाहून तारीख धरावी. बऱ्याच ठिकाणी नोटीसमध्ये घेतलेली रजा शेवटच्या दिवसाला जोडली जाते. चार दिवस रजा घेतली तर १० जुलैचे १४ जुलै होतात आणि तिकडची रुजू तारीख हुकते. नोटीस कमी करून घ्यायची असेल तर जितके दिवस कमी, तितक्या दिवसांचा पगार भरण्याची सोय बहुतेक नेमणूकपत्रांत असते. तो मूळ पगारावर मोजायचा की एकूण पगारावर, हे त्या पत्रातच पाहावे. यावर वेगळा जीएसटी लावून कोणी मागत असेल तर तो लागत नाही, हे सरकारने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. प्रशिक्षणाचा बाँड, म्हणजे ठरलेल्या काळाआधी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार, असेल तर “असले बाँड कोर्टात टिकत नाहीत” या मित्रांच्या सल्ल्यावर जाऊ नये. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. ते प्रकरण सरकारी बँकेचे होते आणि प्रत्येक बाँड तसाच टिकेल असे नाही. पण सही करण्याआधी तो वाचावा आणि सोडताना त्याविषयी उघड बोलावे. मूळ गुणपत्रिका किंवा कोरा धनादेश कोणत्याही नोकरीत ठेवायला देऊ नये. दिलाच असेल, तर काय काय दिले याची लेखी पोच आजच मागून घ्यावी.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग, काम सोपवणे. “सगळं फाइलमध्ये आहे” हे सोपवणे नव्हे. एका कागदावर किंवा एक्सेलच्या शीटवर पाच रकाने करावेत. काम कोणते, ते आज कुठवर आले आहे, पुढची पायरी व तिची तारीख, कागद किंवा फाइल कुठे आहे आणि अडले तर कोणाला विचारायचे. राजीनाम्याच्या पहिल्याच आठवड्यात हा तक्ता लिहायला घ्यावा, कारण शेवटच्या दोन दिवसांत निम्मे आठवत नाही. टॉवेल निर्यातीच्या कार्यालयातल्या मर्चंडायझरचे, म्हणजे ग्राहकाच्या ऑर्डरचा पाठपुरावा करणाऱ्याचे, उदाहरण घेऊ. प्रत्येक ऑर्डरमागे ग्राहकाने मंजूर केलेला नमुना कोणत्या कपाटात आहे, लॅब डिपची (रंगवून पाहिलेल्या छोट्या नमुन्याची) कितवी छटा मंजूर झाली, टॉवेलचा जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) किती ठरला व त्यात किती फरक चालतो, किती माल मागावर आहे आणि किती डाइंगला गेला आहे, कार्टनचे माप व लेबलचा मजकूर कोणता, कंटेनर कोणत्या तारखेला लागणार, हे सगळे लिहिलेले हवे. यातली छटेची नोंद राहिली तर नवा माणूस आधी नाकारलेल्या छटेवर माल रंगवून बसतो आणि अख्खा लॉट अंगावर येतो.

लेखा विभागात तर तारखाच बोलतात. कापलेला टीडीएस भरण्याची ७ तारीख, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची १५, जीएसटीआर-३बी या मासिक गोषवाऱ्याची २०. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या लेखापालाने शेवटचा दिवस ७ ते २० च्या मध्ये धरू नये. २२-२३ तारीख धरली तर एक पूर्ण चक्र संपवून जाता येते. नव्या माणसाने आपल्यासमोर एक चक्र स्वतःच्या हाताने केले, तर पुढचे सहा महिने “जरा सांगता का” असे फोन येत नाहीत. दुसरी गोष्ट मोबाइल क्रमांकाची. शहरातल्या कितीतरी लहान उद्योगांच्या जीएसटी पोर्टलवर, भविष्य निधीच्या मालकांच्या लॉगिनवर, कधी बँकेच्या खात्यावरही नोंदवलेला क्रमांक लेखापालाचा स्वतःचा असतो. नोंदणीच्या दिवशी तोच समोर होता, एवढेच कारण. तो गेला की ओटीपी त्याच्या फोनवर येत राहतात. मालकांना प्रत्येक वेळी त्याची विनवणी करावी लागते आणि उद्या काही चुकीचे भरले गेले तर संशयही त्याच्यावरच येतो. म्हणून नोटीसच्या पहिल्या आठवड्यात आपला क्रमांक आणि ई-मेल सगळ्या पोर्टलवरून बदलून घ्यावा, मालकांची डिजिटल सही त्यांच्या ताब्यात द्यावी आणि दिल्याची नोंद सोपवणुकीच्या कागदावर घ्यावी. पासवर्ड एकदाच सांगून आपल्यासमोर बदलायला लावावेत.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या, सिमकार्ड, वर्दी, घेतलेली उचल या सगळ्यांचा हिशेब लेखी पूर्ण करावा. लॅपटॉप परत देताना चार्जर व पिशवीसह दिल्याची पोच घ्यावी. या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंवरून अंतिम हिशेब अडतो. ग्राहकांची यादी, डिझाईन, दरपत्रके, रुग्णांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर घेऊन जाणे चोरीच आहे, मग ते काम आपण स्वतः केलेले का असेना. रागाच्या भरात फाइली पुसून टाकणेही तसेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय माहिती उतरवून घेणे आणि नष्ट करणे या दोन्हींसाठी भरपाई लागते. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून दोन ओळींचे आभार मानून त्याच संध्याकाळी बाहेर पडावे. ग्रुपवर जुने हिशेब काढू नयेत. आणि निघण्याआधी आपले कागद घ्यावेत. राजीनामा स्वीकारल्याचे पत्र, रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, किमान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगार पावत्या आणि अंतिम हिशेबाचा तक्ता. अनुभवपत्रावर रुजू व सोडल्याची तारीख, पद आणि अधिकृत सही-शिक्का नसेल तर “मुलगा होतकरू व सुस्वभावी आहे” या ओळीचा उपयोग होत नाही. पडताळणी करणाऱ्या संस्था तारखा, पद आणि सोडण्याचे कारण यांचीच खातरजमा करतात. बायोडेटामध्ये दोन-चार महिने वाढवून लिहिलेले असतील तर ते भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकवरून लगेच उघडे पडतात.

भविष्य निर्वाह निधीत अडचणी येतात त्या बहुधा नावामुळे. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड घराण्यांची आडनावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कागदावर एखादे अक्षर वेगळे पडते. मुलींचे नाव लग्नानंतर पॅनवर बदलते, आधारवर राहून जाते. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव आधार, पॅन, बँक आणि यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक) या चारही ठिकाणी जुळते का, हे नोकरीत असतानाच तपासावे. आधारशी पडताळलेला यूएएन असेल तर यातल्या बऱ्याच दुरुस्त्या आता मालकांच्या सहीशिवाय ऑनलाइन होतात. नव्या ठिकाणी “आधी पीएफ होता का” या प्रश्नाला “नाही” म्हणू नये. तसे म्हटले की दुसरा यूएएन तयार होतो आणि जुनी रक्कम अडकून पडते. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या मालकांनी भरली आहे का, हे पासबुकात पाहावे. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर आधारच्या ओटीपीवर ती स्वतः भरता येते. पण भरताना खरा शेवटचा दिवसच लिहावा, कारण ती तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढली तर रक्कम वर्ग करण्याचा अर्ज अडू शकतो. रक्कम काढून घेण्याचा मोह मात्र आवरावा. पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढली तर ती करपात्र होते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचीही रक्कम उचलून घेतली तर ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. वर्ग केली तर दोन्ही ठिकाणची वर्षे जोडली जातात. ऑनलाइन जमत नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निधी संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर घेते. तिथे आधार, पॅन, पासबुक आणि राजीनाम्याची प्रत घेऊन जावे. ईएसआयमध्ये असणाऱ्यांनी आपला विमा क्रमांक नव्या मालकांना द्यावा, तो बदलत नाही.

आयकराचे थोडक्यात. वर्षाच्या मधे नोकरी बदलली तर जुन्या नोकरीतला पगार व कापलेला कर नव्या कंपनीला कळवावा. कळवला नाही तर नव्या करप्रणालीतली ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट दोघेही आपापल्या परीने देतात, करही दोघांकडे खालच्या टप्प्यापासून मोजला जातो, आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठा कर निघतो.

मालकवर्गालाही मनापासून सांगणे आहे. रीतसर नोटीस देऊन जाणाऱ्या माणसाचा पगार रोखला, रिलीव्हिंग लेटरसाठी चार महिने हेलपाटे घालायला लावले, की बाकीचे कर्मचारी ते पाहतात आणि पुढचा माणूस न सांगता जातो. न सांगता जाण्याची सवय अशीच पडली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे आहे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, आणि नोटीस कमी पडली म्हणून ती अडवता येत नाही. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या संध्याकाळी हातात द्यावे, सोडल्याची तारीख पुढच्याच महिन्यात पोर्टलवर भरावी. नेमणूकपत्रच न देणाऱ्या आणि रोखीत पगार करणाऱ्या ठिकाणी नोटीसची अपेक्षा कोणत्या कागदावर ठेवायची, याचाही विचार व्हावा. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी निदान पगार खात्यावर मागून घ्यावा, म्हणजे बँकेच्या नोंदींवरून नोकरीचा काळ दाखवता येतो.

जे आधीच न सांगता निघून आले आहेत, त्यांनी हातपाय गाळू नयेत. कंपनीकडून टपालाने आलेली पत्रे न उघडता परत पाठवू नयेत. अशी दोन-तीन पत्रे गेली की कंपनी सेवा संपुष्टात आणते आणि नोंदीत तसा शेरा राहतो. आज एक साधे पत्र लिहावे. कोणत्या तारखेपासून आलो नाही ते लिहावे, पूर्वसूचना दिली नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, नोटीसच्या दिवसांचा पगार देय रकमेतून वळता करून घ्यावा किंवा मी भरतो असे म्हणावे, आणि त्यानंतर रिलीव्हिंग लेटर देण्याची विनंती करावी. ओळखपत्र वा इतर वस्तू आपल्याकडे असतील तर पत्रासोबतच परत कराव्यात. शक्य असेल तर पुढच्या सुट्टीत सोलापूरला आल्यावर हे पत्र स्वतः नेऊन द्यावे. समोर उभे राहून मागितलेले पत्र नाकारणारे मालक आपल्या शहरात थोडे आहेत.

आपले,
आस्थापना व लेखा विभागांत काम करणारे काही वाचक,
सोलापूर